खामल्याची धावपट्टी: फ्लाइट सिम्युलेटरसाठी तयार संगणक निवडण्याच्या प्रकल्प नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

नागपुरातील खामला भागातल्या आमच्या घरी फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे विमान उडवण्याचा सराव देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, नवा संगणक घ्यायचा आहे. आजपासून या प्रकल्पाच्या नोंदी ठेवत आहे. घरचा संगणक २०१९ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा आय५ ९४००एफ प्रोसेसर, ६ जीबी स्मृतीचे जीटीएक्स १६६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती त्यावर कशीबशी निभावत होती, पण १९ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या नव्या आवृत्तीपुढे त्याने हात टेकले. भाचा व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याच्या लेखी परीक्षांची तयारी करत असून संध्याकाळी आमच्याकडे येऊन सराव करतो. घरच्या सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, हे त्याला आणि मलाही ठाऊक आहे. तरीही कोणत्या टप्प्यावर नजर कोणत्या उपकरणावर असावी आणि कोणता हात कुठे जावा, याची सवय इथे लागते आणि तिला पेट्रोल लागत नाही.

अटी तीन ठरवल्या. वस्तू व सेवा करासह संगणकाची किंमत साडेतीन लाखांच्या आत असावी. पडदा आणि यूपीएस यांचा हिशेब वेगळा. संगणक तयार बांधलेला, एका बिलाचा आणि एका हमीचा असावा. यापूर्वी दोन संगणक मी सुटे भाग आणून स्वतः जोडले, आणि दुसऱ्या वेळी बोर्डवाला रॅमवाल्याकडे व रॅमवाला बोर्डवाल्याकडे बोट दाखवत असताना माझे तीन महिने गेले. त्या अनुभवाची पुनरावृत्ती नको. तिसरी अट अशी की गच्चीखालच्या खोलीत, ऐन मे महिन्यात, तो संगणक चालला पाहिजे.

तुलनेसाठी एकच कसोटी-उड्डाण ठरवले: ए३२० विमान, संध्याकाळची वेळ, पाऊस, मुंबई विमानतळाची धावपट्टी २७, शेवटचे दहा सागरी मैल. ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपर-कुर्ल्याच्या दाट वस्तीवरून खाली येण्याचा हा भाग साधारण चार मिनिटांचा आहे. जुन्या यंत्रावर खाडीवर सेकंदाला ३१ चित्रे मिळाली, घाटकोपरवर १९, आणि विमानाचे नाक उचलण्याच्या नेमक्या क्षणी पडदा जवळजवळ अर्धा सेकंद थिजला. सरासरी २६ आली. विमान आपटले ते त्या अर्ध्या सेकंदात, आणि सरासरीच्या आकड्यात त्याचा मागमूसही नव्हता.

२३ मार्च, रविवार

अडथळा नेमका कुठे आहे ते आज मोजले. सिम्युलेटरमधील डेव्हलपर मोड सुरू केल्यावर कोपऱ्यात जी चौकट दिसते, तिच्यात ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’, म्हणजे प्रोसेसरच्या मुख्य धाग्यामुळे वेग अडला आहे, असे आले. खात्री करण्यासाठी पडद्याचे रिझोल्यूशन जवळपास निम्म्यावर आणले. ग्राफिक्स कार्डाचे काम एवढे हलके होऊनही चित्रांचा वेग २६ वरून जेमतेम २८ झाला. म्हणजे दोष मुख्यतः प्रोसेसरचा आहे. ‘फ्लाइट सिमला भारी कार्ड लागते’ या नेहमीच्या सल्ल्यावर विसंबून मी केवळ कार्ड बदलले असते, तर पैसा पाण्यात गेला असता.

कारण समजून घेण्यासारखे आहे. विमानाची गती, त्याच्या यंत्रणा, कॉकपिटमधील उपकरणे, आजूबाजूची वाहतूक आणि पुढचा भूभाग मांडण्याची तयारी यांचा मोठा भाग एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या कामांच्या एकाच साखळीत, चालतो. प्रोसेसरला सोळा कोअर (स्वतंत्रपणे काम करणारी केंद्रे) असले तरी त्या एका धाग्याचे काम सोळांत वाटून देता येत नाही. तो धागा लहान-लहान माहिती पुन:पुन्हा मागत असतो आणि ती जवळ नसली की रॅमपर्यंत हेलपाटा घालतो. मिसळणाचा डबा ओट्यावर न ठेवता माळ्यावर ठेवला तर फोडणीचे जे होईल, तेच इथे होते. म्हणूनच एएमडीचे एक्स३डी मालिकेतील प्रोसेसर या कामात पुढे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रायझन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरला आठच कोअर आहेत, पण तिसऱ्या पातळीची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली जलद स्मृती, ९६ एमबी आहे. त्यांपैकी ६४ एमबी वेगळ्या थराने जोडलेली असून या पिढीत तो थर कोअरच्या खाली सरकवला आहे. त्यामुळे कोअर आणि थंड करणारे उपकरण यांच्यामध्ये आता अडसर राहिलेला नाही. नागपूरकराने ही शेवटची बाब अधोरेखित करून ठेवावी.

सिम्युलेटरच्या निर्मात्यांची ‘आदर्श’ शिफारसही वाचली: रायझन ९ ७९००एक्स किंवा आय७ १४७००के, आरटीएक्स ४०८० किंवा आरएक्स ७९०० एक्सटी, ६४ जीबी रॅम, १२ जीबी ग्राफिक्स स्मृती आणि १०० एमबीपीएस इंटरनेट. यातील इंटरनेटचा आकडा वाचताना आपण सहज पुढे जातो. नव्या आवृत्तीची डिस्कवरची किमान गरज ५० जीबी इतकीच आहे, कारण उरलेले जग उडतानाच उतरवले जाते. २०२० च्या आवृत्तीला १५० जीबी जागा लागत असे. नागपूरच्या अंबाझरी तलावाचा काठ मला महिनाभर धूसर दिसत होता आणि मी कार्डाला बोल लावत होतो. वरच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढल्यावर तो काठ स्वच्छ दिसू लागला. वायफायला दोन भिंती आणि एक स्लॅब आड येत होते.

६ एप्रिल, रविवार

आज रामनवमी. दुपारनंतर शोभायात्रेमुळे रस्ते बंद होतील म्हणून सकाळीच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. तीन ठिकाणी कोटेशन घेतले, शिवाय एका मोठ्या ब्रँडच्या तयार संगणकाचा तपशील उतरवून घेतला. त्यांना क, ख, ग आणि घ म्हणतो.

‘क’मध्ये इंटेलचा चौदाव्या पिढीतील आय९ आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलनेच मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती झाली हे खरे. तरी जो प्रोसेसर कोटेशनवाल्याने कोणत्या बायोसवर (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रॅमवर) किती महिने चालवून दाखवला हे मला कळणार नाही, तो विकत घेण्याचे कारण दिसत नाही. ‘क’ बाद.

‘घ’ हा ब्रँडचा संगणक दिसायला देखणा आणि घरपोच दुरुस्तीचा आहे, पण त्याचा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्या कंपनीच्याच खास मापाचा आहे. पाच वर्षांनी पॉवर सप्लाय गेला तर बाजारातला दुसरा बसणार नाही. शिवाय समोरची बाजू पूर्ण काचेची असून हवा आत घ्यायला कडेला बोटभर फट आहे. हाही बाद.

‘ख’ आणि ‘ग’ हे स्थानिक बांधणीचे, परंतु एका बिलावर आणि तीन वर्षांच्या एकत्रित हमीवर मिळणारे संगणक आहेत. दोन्हींत ९८००एक्स३डी आहे. ‘ग’च्या दुकानदाराने रायझन ९ ९९५०एक्स३डी सुचवला. त्याला सोळा कोअर आहेत खरे, पण वाढीव कॅश त्यांपैकी आठांच्याच वाट्याला येते आणि सिम्युलेटर त्या आठांवरच राहावा याची काळजी विंडोजने घ्यायची असते. व्हिडिओ संकलनाचे काम असते तर मी तोच घेतला असता.

१० एप्रिल, गुरुवार

ग्राफिक्स कार्डाचा निर्णय. आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ जीबी स्मृती आणि ५७५ वॅटची मागणी आहे. ५०८० मध्ये १६ जीबी आणि ३६० वॅट. ५०७० टीआय मध्ये १६ जीबी आणि ३०० वॅट. भारतातील जाहीर प्रारंभिक किमती अनुक्रमे २ लाख १४ हजार, १ लाख ७ हजार आणि ८० हजार होत्या. दुकानांत मात्र त्या किमतीला कार्ड दाखवा म्हटले की विषय बदलतो. “सर, पन्नास-नव्वद घेऊन टाका, मग पाच वर्षं पाहाचं काम नाही,” असे एकाने सांगितले. वीजबिल आणि खोलीतली उष्णता मात्र रोज पाहावी लागेल, हे त्याने सांगितले नाही.

पडदा कोणता यावर हा प्रश्न सुटतो. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० वर सुमारे ३७ लाख आणि ३४ इंची रुंद पडद्यावर सुमारे ५० लाख. कॉकपिटमधील उपकरणे आणि दोन्ही खिडक्या एका नजरेत दिसाव्यात म्हणून रुंद पडदा निश्चित केला. या बिंदूसंख्येला ५०८० पुरेसे आहे. १२ जीबीची कार्डे विचारात घेतली नाहीत, कारण दाट विमानतळावर ग्राफिक्स स्मृती भरली की माहिती रॅममधून ये-जा करू लागते आणि नेमका आपल्याला नको असलेला झटका बसतो.

फ्रेम जनरेशनविषयी भाच्याशी अर्धा तास वाद झाला. कार्ड स्वतः मधली चित्रे तयार करून आकडा दुप्पट-चौपट दाखवते, हे त्याला आकर्षक वाटते. माझे म्हणणे असे की ही मधली चित्रे प्रोसेसरने मोजलेली नसतात. मूळ वेग २० असेल तर योकला (विमान वळवण्याच्या हँडलला) मिळणारा प्रतिसाद २० चाच राहतो आणि वर थोडा विलंबच वाढतो. दृश्य मऊ दिसते, हात मात्र जडच राहतात. “मामा, प्रवासी विमानात एवढं जाणवत नाही,” असे तो म्हणाला आणि आडव्या उड्डाणापुरते ते मला मान्य करावे लागले. मूळ वेग ४५ च्या वर असेल तेव्हाच ही सोय सुरू करायची, असे ठरले.

२० एप्रिल, रविवार

कालपासून पारा ४४ अंशांच्या घरात आहे. दुपारी चार वाजता गच्चीखालच्या खोलीत, एसी बंद असताना, ३९ अंश नोंदवले. प्रकल्पाची तिसरी अट आता कागदावर राहिलेली नाही.

‘ख’च्या दुकानात दूरध्वनी करून कूलर कोणता बसवणार असे विचारले. पलीकडच्या मुलाने क्षणभर थांबून विचारले, “डेझर्ट की टॉवर?” मी टॉवर म्हणालो. “किती लिटरचा?” या प्रश्नानंतर आम्हा दोघांच्याही लक्षात आले की तो खोलीच्या कूलरबद्दल बोलत होता आणि मी प्रोसेसरच्या. एप्रिलच्या शेवटी नागपुरात या शब्दाला दुसरा अर्थ उरत नाही.

या घोटाळ्यातून एक उपयोगी विचार मात्र पुढे आला. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी कूलरची हवा माणसाला सुखाची असली, तरी ती ओलसर असते आणि टाकीतल्या जड पाण्याचे क्षार व धूळ घेऊन येते. तिच्या थेट झोतात संगणक ठेवणे चुकीचे आहे. त्यामुळे संगणक एसीच्या खोलीत किंवा निदान झोतापासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवायचा.

हिशेब सरळ आहे. संगणक जितकी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. यंत्र आणि पडदा मिळून ६०० वॅट घेत असतील, तर छोटा रूम हीटर लावल्यासारखेच होते. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे त्याचा नववा हिस्सा हा संगणकच खाणार. ५०९० घेतले असते तर हा वाटा आणखी वाढला असता. द्रवाने थंड करण्याची व्यवस्थाही खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली ३९ अंशांवर असेल, तर तिची सुरुवातच ३९ पासून होते. ९८००एक्स३डी ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि तो स्वभावाने थंड आहे, म्हणून मोठा, दोन पंख्यांचा हवेवर चालणारा टॉवर कूलर निवडला. त्याला पंप नाही, गळती नाही, आणि पंखा बिघडला तर बर्डीवर दुसरा मिळतो. पेटीची पुढची बाजू जाळीची हवी आणि जाळीमागची धूळगाळणी बाहेर ओढून धुता आली पाहिजे, हेही लिहून दिले.

‘ख’ निश्चित.

२७ एप्रिल, रविवार

वीजपुरवठा. हा माझ्या पेशातला विषय असल्याने कदाचित जास्त लिहीत आहे. दुकानात यूपीएसवर ठळक अक्षरांत १००० व्हीए लिहिलेले असते आणि मागे बारीक अक्षरांत ६०० वॅट. आपले यंत्र वॅट मोजते. ६०० वॅटच्या भाराला ६०० वॅटचा यूपीएस म्हणजे आट्यापाट्या खेळण्यासारखे आहे: कार्डाची मागणी क्षणार्धात वर उसळते आणि यूपीएस ऐन उड्डाणात मान टाकतो. शिवाय आजच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये सक्रिय पॉवर फॅक्टर सुधारणा असते. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या स्वस्त यूपीएसशी त्यातले काही सप्लाय जुळवून घेत नाहीत. म्हणून शुद्ध साइन लहरीचा, १२०० वॅटचा यूपीएस घ्यायचे ठरवले. उद्देश उड्डाण पूर्ण करण्याचा नाही, संगणक व्यवस्थित बंद करण्याचा आहे. पाच मिनिटे पुरतील. घरचा इन्व्हर्टर या कामात घेतला नाही, त्यावर आधीच फ्रिज आणि सौ.चा विश्वास अवलंबून आहे.

पॉवर सप्लाय ८५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा. ५०८० साठी एनव्हिडियाची शिफारसही तेवढीच आहे.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय तृतीया. वडिलांच्या आग्रहावरून आगाऊ रक्कम आजच दिली.

१० मे, शनिवार

संगणक आला. पेटी उघडल्यावर कार्डाला आधार म्हणून भरलेला फुगीर फोम आधी बाहेर काढला. तो आत ठेवून यंत्र सुरू करणारे लोक असतात, असे आणून देणाऱ्या मुलानेच सांगितले. कार्डाचा वीजजोड पूर्ण आत बसला आहे का, ते टॉर्च धरून पाहिले. जोडाची कड आणि खाचेची कड यांच्यात नखही शिरू नये. तारेला तोंडाशीच तीव्र वाक होता, तो सैल करून घेतला. त्यानंतर जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये आरओपी, म्हणजे तयार चित्राचे बिंदू लिहिणारे कार्डातले घटक, ११२ आहेत याची खात्री केली. या मालिकेतील अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्डांत हे घटक कमी भरले असल्याचे एनव्हिडियाने फेब्रुवारीत मान्य केले होते, म्हणून ही तपासणी.

दोष भलतीकडेच निघाला. कोटेशनमध्ये ‘६४ जीबी डीडीआर५, ६०००’ असे होते. प्रत्यक्षात १६ जीबीच्या चार पट्ट्या लावलेल्या होत्या आणि टास्क मॅनेजर वेग ३६०० दाखवत होता. लबाडी म्हणावी तर प्रत्येक पट्टीवर ६००० छापलेले होते आणि बेरीजही ६४ होत होती. पण या प्रोसेसरला लागणाऱ्या एएम५ प्रकारच्या बोर्डावर चारही खाचा भरल्या की अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. ३२ जीबीच्या दोन पट्ट्या असत्या, तर एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवण्याची बायोसमधली सोय, सुरू करून ६००० मिळाले असते. दुकानदाराने प्रथम “फरक नाही पडत सर” म्हटले, नंतर पट्ट्या बदलून देण्याचे मान्य केले, पण त्यासाठी आठ दिवस लावले. कोटेशनवर ‘३२ गुणिले २’ असे लिहून घ्यायला हवे होते. चूक माझीही आहे.

१८ मे, रविवार

नव्या पट्ट्या बसल्या, बायोसमध्ये एक्सपो सुरू केले, रात्रभर स्मृतीची चाचणी चालवली. एकही त्रुटी आली नाही. मग तेच कसोटी-उड्डाण घेतले. तेच विमान, तोच पाऊस, तीच धावपट्टी २७. या वेळी रुंद पडदा आणि उच्च पातळीचे चित्रण. खाडीवर ७४, घाटकोपरवर ५८, आणि नाक उचलताना सर्वांत कमी आकडा ४९. पडदा कुठेही थिजला नाही. आठवडाभर चारच पट्ट्या असताना हेच उड्डाण घेतले होते, तेव्हा शेवटच्या क्षणीचा आकडा ४१ होता. “फरक नाही पडत” याचे मोल आठ चित्रे आहे, एवढे आता मोजून सांगता येते.

डेव्हलपर मोड अजूनही मेनथ्रेडकडेच बोट दाखवतो. भूभागाच्या तपशिलाची मात्रा २०० वरून १५० वर आणली की विमानतळाजवळ आणखी सहा-सात चित्रे वाढतात आणि डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही. मात्रा १५० वरच ठेवली आहे.

१ जून, रविवार

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, यंदा ढगांतच चालला आहे, त्यामुळे उष्णतेची खरी परीक्षा होण्याची चिन्हे नाहीत. पर्याय म्हणून दुपारी खिडक्या बंद ठेवून, एसी न लावता, दोन तासांचे नागपूर-मुंबई उड्डाण चालवले. खोली ३३ वरून ३६ अंशांवर गेली. प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७१ वर स्थिरावले. भिंतीच्या प्लगवर मोजलेली कमाल मागणी, पडद्यासह, ५६० वॅट. यूपीएसचा मुख्य प्लग मुद्दाम काढून पाहिला: भाच्याच्या हातातले विमान अकोल्याच्या आसपास होते आणि त्याला पत्ताही लागला नाही.

धूळगाळणी तीन आठवड्यांत राखाडी झाली होती. धुऊन उन्हात वाळवली. पुढची धुण्याची तारीख पेटीच्या मागे पेन्सिलीने लिहिली आहे: २२ जून. रडरचे पेडल फरशीवर सरकतात, त्यांच्याखाली लावायला रबरी पट्टी आणायची आहे.